गृहकर्ज कंपन्यांच्या जुन्या नोंदणीबाबत खुलासा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील काही व्हॉट्सॲप गटांवर असा संदेश फिरत आहे की, गृहकर्ज कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे गेल्याने पूर्वीची नियामक असलेल्या राष्ट्रीय आवास बँकेने दिलेली जुनी प्रमाणपत्रे रद्द झाली असून कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटांनीही शुल्क भरून नवा परवाना घ्यावा. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

कायदादुरुस्तीमुळे नोंदणी आणि नियमनाचे अधिकार ९ ऑगस्ट २०१९ पासून रिझर्व्ह बँकेकडे आले, हे खरे. परंतु त्याच कायदादुरुस्तीत, ज्या कंपन्यांकडे वैध नोंदणी होती त्यांना ती नव्या तरतुदींनुसारच मिळाल्याचे मानले जाईल, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून प्रमाणपत्राच्या माथ्यावर राष्ट्रीय आवास बँकेचे नाव दिसले, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. नवी चौकट येईपर्यंत जुने निर्देश पाळण्यासही रिझर्व्ह बँकेने तेव्हाच सांगितले होते. अटी पुढे कडक झाल्या, उदाहरणार्थ किमान स्वनिधी (कंपनीचे स्वतःचे भांडवल) २० कोटी रुपयांवर गेला, तरी जुन्या कंपन्यांना त्यासाठी ३१ मार्च २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने मुदत मिळाली. देखरेख आणि तक्रारनिवारण राष्ट्रीय आवास बँकेकडेच राहिले.

एजंटांना रिझर्व्ह बँक वैयक्तिक परवाना देतच नाही. त्यांच्या वर्तनाची जबाबदारी त्यांना नेमणाऱ्या कंपनीवर असते. चिपळूण असो वा मालवण, परवान्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास कृपया देऊ नयेत. हप्तेही नेहमीप्रमाणे भरावेत, कारण या बदलाने कोणाचेही कर्ज माफ झालेले नाही.