झेरॉक्स मशीन, बावन्नचं हेड आणि आपलं बजेट

बजेटच्या दिवशी आमच्या घरी ठरलेला सीन असतो. टीव्हीवर काय स्वस्त काय महाग सुरू झालं की भाचा विचारणार, मावशी, यात आपल्याला काय? यंदा मी म्हटलं अरे ते सोड, मागच्या वर्षी जे जाहीर केलं होतं त्यातलं खर्च किती झालं आणि कुठल्या महिन्यात झालं ते विचार की कधीतरी. तो म्हणाला, तुझं रिटायर होऊनपण ऑफिस सुटलं नाहीये. खरंय त्याचं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी ऑफिसात लेखा शाखेत 29 वर्षं काढलीत, सुटणार कसं.

तर ही त्या 29 वर्षांतली एक गोष्ट. ऑफिसचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कुठल्याही लेखा शाखेतल्या माणसाला विचारा, त्याच्याकडे अशा दोन-चार असतातच.

मार्च एंड. 29 तारखेला दुपारी बीम्सवर पैसे दिसायला लागले. (बीम्स म्हणजे ज्या कॉम्प्युटर सिस्टीमवरून सरकारी निधी खाली येतो ती. मार्चमध्ये आम्ही देवाआधी तिचं दर्शन घ्यायचो.) पैसे आले पण कुठे, तर 52 मध्ये, म्हणजे यंत्रसामग्रीच्या हेडला. (हेड म्हणजे खर्चाचा ठरलेला कप्पा, एकातले पैसे असेच दुसऱ्यात वापरता येत नाहीत.) 13, म्हणजे ऑफिसखर्च, ते नोव्हेंबरपासून कोरडंठाक. कागद नाही, टोनर नाही, लाईटबिल थकलेलं, आणि इकडे यंत्र घ्यायला पैसे आणि हातात दोन दिवस. साहेब म्हणाले निधी परत गेला तर पुढच्या वर्षी कापतील, काहीतरी घ्या. मग काय, घेतलं मोठं झेरॉक्स मशीन. 31 ला रात्री साडेअकराला मी त्याचं बिल पास व्हायची वाट बघत बसले होते, समोर थंड झालेला वडापाव. बिल पास झालं, टाळ्यापण वाजवल्या आम्ही, शंभर टक्के खर्च!

मशीन आलं आणि कोपऱ्यात उभं राहिलं. त्याला टोनर लागतो, टोनर 13 मधून घ्यायचा, आणि 13 मध्ये पैसे नाहीत. पुढच्या वर्षी आले तेवढे थकलेल्या लाईटबिलात गेले. वर्षभराने त्यावर ग्रामपंचायतीचे जुने कॅलेंडर, हार-तुरे आणि कोणाचीतरी छत्री असा संसार झाला होता.

आता ऑडिटवाले आले, त्यांनी बरोब्बर पकडलं, मशीन विनावापर पडून, आक्षेप. त्याचं अनुपालन, म्हणजे आमचं लेखी उत्तर, परत शेरा, परत अनुपालन, हे चालत राहिलं. आणि चार-पाच वर्षांनी विधिमंडळाची एक समिती जिल्ह्यात आली तेव्हा यादीत आमचं मशीन. समिती येणार म्हटलं की काय असतं ते सरकारी माणसांना सांगायला नको, रेस्ट हाऊसला पडदे नवीन, फायलींना रंगीत फ्लॅग, रात्री दोनपर्यंत उत्तरं टाईप. ज्या साहेबांनी मशीन घ्यायला लावलं ते रिटायर होऊन पुण्यात सेटल. उभी कोण, मी. एका आमदारांनी अगदी शांतपणे विचारलं, मॅडम हे मशीन आत्ता कुठंय? म्हटलं, साहेब, निर्लेखित केलं. म्हणजे? म्हणजे भंगारात काढलं. सगळे हसले, मीपण हसले, आणि पुढचा मुद्दा घेतला.

तो प्रश्न चुकीचा होता असं मला अजिबात वाटत नाही. पण तो चार-पाच वर्षं आधी, पैसे खाली यायच्या आधी कोणी विचारला असता, की बाबा या ऑफिसला 52 मध्ये कशाला देताय, त्यांनी मागितलंय 13 मध्ये, तर तेवढे पैसे वाचले असते. माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे सगळी तपासणी पैसा गेल्यावर होते, आणि पैसा जायच्या आधी जिथे व्हायला हवी तिथे कोणाला वेळ नसतो.

दिल्लीतपण वेगळं नाही. सरकारी खर्चाचा हिशोब तपासणारी संसदेची लोकलेखा समिती 1921 पासून आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून, आणि गंमत म्हणजे स्वातंत्र्याच्या आसपासपर्यंत तिचा अध्यक्ष खुद्द सरकारचा अर्थखातं सांभाळणारा माणूस असायचा! खर्च करणारा तोच आणि हिशोब बघणारा तोच. 1967 ला पहिल्यांदा विरोधी पक्षाचा अध्यक्ष झाला, मिनू मसानी, जे 1943 ला मुंबईचे महापौर होते. ती प्रथा आजपर्यंत टिकलीय, चांगलंच आहे. पण ही समितीसुद्धा कॅगचा, म्हणजे देशाच्या मुख्य ऑडिटरचा, अहवाल आल्यावर काम करणार, म्हणजे परत मागून.

खर्चाआधी बघायची जागा म्हणजे अनुदानाच्या मागण्यांवरची चर्चा. एकेका खात्याची मागणी सभागृहात येते, त्यावर बोलायचं, कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा अशी सूचना, द्यायची. धोरणच पटत नसेल तर अख्खी मागणी 1 रुपयावर आणा अशी सूचना देता येते, मला हे फार आवडतं, 1 रुपया! पण प्रत्यक्षात काय, वेळ संपला की गिलोटिन, उरलेल्या सगळ्या मागण्या एका दमात मतदानाला. 23 मार्च 2023 ला लोकसभेत साधारण 45 लाख कोटींचा खर्च असाच चर्चा न करता मंजूर झाला. दोन्ही बाजूंनी गोंधळ चालू होता, एकाला अदानीवर जेपीसी, म्हणजे दोन्ही सभागृहांची चौकशी समिती, हवी होती, दुसऱ्याला राहुल गांधींची माफी. 2018 लापण असंच झालं होतं आणि 2013 लापण, तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं, त्यामुळे कुठल्या एका पक्षाच्या लोकांनी कमेंटमध्ये उड्या मारू नका.

निदान संसदेत 1993 पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत, बजेट मांडल्यावर मधली सुट्टी असते तेव्हा त्या मागण्या तपासतात. केरळच्या विधानसभेत तर 1980 पासून विषय समित्या आहेत. माझ्या 29 वर्षांत आमच्या खात्याच्या मागणीवर कोणी खर्चाआधी खालपर्यंत येऊन, तुम्हाला खरंच काय लागतं असं विचारल्याचं मला तरी एकदाही आठवत नाही.

आणि मग पुरवणी मागण्या, म्हणजे बजेट झाल्यावर वर्षाच्या मधेच मागितलेले वाढीव पैसे, हे माझं दुखणं. घटनेत 205 व्या कलमात याची सोय आहे ती तरतूद कमी पडली किंवा वर्षात काही नवीनच खर्च उपटला तर. पूर आला, दुष्काळ पडला, समजू शकतो. पण 2024 ला आपल्या राज्यात 28 जूनला जादाचं बजेट मांडलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या. त्यात 25,000 कोटी एकट्या लाडक्या बहिणीचे. योजना चांगली की वाईट तो वेगळा वाद, माझ्या स्वतःच्या जावेला पैसे मिळतात, पण दोन आठवडेसुद्धा धड न झालेल्या बजेटला एवढं मोठं ठिगळ लावायचं तर मग बजेट शिवताना माप कोणी घेतलं होतं? 2025 ला मार्चमध्ये 7 लाख कोटींचं बजेट आणि जूनअखेरच्या अधिवेशनात लगेच 57,509 कोटींच्या पुरवणी.

आमच्यासारख्यांना खाली हे कसं दिसतं सांगते. वर कामांची यादी वाढत जाते, बऱ्याच कामांना टोकन म्हणून नावापुरती तरतूद, बोर्ड लागतो, नारळ फुटतो. पैसे मात्र तेवढेच. मग पहिली कात्री कुठे लागते तर 13 ला. लाईटबिल, टोनर, गाडीचं डिझेल, दाखल्याचा कागद. तुम्ही दाखल्यासाठी तीन चकरा मारता आणि समोरची क्लार्क म्हणते प्रिंटर बंद आहे, ते नेहमी खोटं नसतं हो. सेवा हक्क कायदा 2015 ला आला, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलं, दंड ठरला, छान झालं, पण टोनरचं हेड तेच राहिलं.

मार्चमध्ये घाईघाईने खर्च करू नका असं केंद्राच्या वित्तीय नियमावलीत चक्क लिहिलंय. आपल्याकडची परिपत्रकंपण मी स्वतः फाईलला लावलीत, दरवर्षी. त्याच फाईलला खाली 31 मार्चची बिलं.

तर भाच्याला म्हटलं बस इथे. पुरवणी मागण्यांचं पुस्तक वित्त विभागाच्या साईटवर असतं, पीडीएफ उघडली, तो दहा मिनिटांत कंटाळला. मी चष्मा लावून बसलेय, आमच्या जुन्या खात्याच्या मागणीपर्यंत पोचलेय. 52 मध्ये परत वाढ दिसतेय. 13 अजून सापडलं नाही, सापडलं की कमेंटमध्ये टाकते.