शनिवारचा घाणा : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, यातलं निम्मं मीच लेखात लिहायला हवं होतं.

मागच्या लेखात मी आमच्या ज्यू धर्मातल्या 'बाल तश्खीत' या नियमाबद्दल लिहिलं होतं (यातल्या 'बाल'चा मुलाबाळांशी संबंध नाही, हिब्रूत तो नकार आहे. नासधूस नको, असा अर्थ). त्यावर तुमचं म्हणणं असं : हा लढाईतला जुना नियम, त्याला हिरवा रंग आत्ता फासलाय, शब्बाथच्या रात्री (शब्बाथ म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस) दिवे जळत ठेवणाऱ्यांनी बचतीच्या गोष्टी सांगू नयेत, आणि काटकसर शिकायला आम्हाला तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) लागत नाही, आजी होती.

लढाईतला नियम आहे, मान्य. तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात वेढा घालून बसलेल्या सैन्याला बजावलंय, की कितीही दिवस लागोत, फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. शेतातलं झाड काय माणूस आहे, त्याला वेढा घालायला? पुढच्याच ओळीत बिनफळाची झाडं तोडायची मुभा. म्हणजे जंगलावरचं प्रेम नव्हे, पोटाचा हिशेब. पण नियम तिथे थांबला नाही. तल्मूदमधले (धर्मपंडितांच्या चर्चांचा जुना ग्रंथ) एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात, तेलाच्या दिव्यावर झाकण घालून जो तेल भराभर जाळतो, तोही हाच नियम मोडतो. बाराव्या शतकात रंबाम, म्हणजे मायमोनिडीस हे मोठे ज्यू धर्मपंडित, त्यात भांडी फोडणं, कपडे फाडणं, झरा बुजवणं, अन्न फुकट घालवणं हेही आणतात. तेच रंबाम असंही सांगतात, की फळापेक्षा लाकडाला जास्त दाम येत असेल तर झाड तोडायला हरकत नाही. (हे वाचून आमच्या ठाण्यातले काही बिल्डर धर्मांतर करतील.)

हिरवा रंग उशिरा लागला, हेही खरं. 1967 साली लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने निसर्गाच्या नासाडीचं खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडलं. त्यातलं 'पृथ्वी सत्तेखाली आणा' हे वचन मुळात तोराच्या पहिल्या पुस्तकातलं, 'उत्पत्ती'तलं, म्हणजे आमचंच. मग उत्तर शोधायला पोथ्या उघडल्या गेल्या. पण शोधायला गेल्यावर सापडलं ते तिथे आधीपासून होतं ना? मला त्यातली आवडते ती हुज्जत. गव्हाची भाकरी कशाला, जवाची चालत असताना, ही नासाडीच, असं तल्मूदमध्ये एकजण म्हणतो. लगेच खाली उत्तर, की स्वतःच्या शरीराची नासाडी टाळणं जास्त महत्त्वाचं. उपास-तापासाचं कौतुक नाही. दर वेळी नव्याने ठरवा, गरज कुठे संपते आणि उधळपट्टी कुठे सुरू होते.

आता दिवे. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. शब्बाथ लागला की बटणाला हात लावायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावलेला स्वयंपाकघरातला दिवा आमच्याकडे शनिवार रात्रीपर्यंत जळतो, जेवण गरम ठेवायची हॉटप्लेटही चालू. यावर माझ्याकडे बचाव नाही.

पण शब्बाथ म्हणजे तेवढाच दिवा नव्हे. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, तिथे 'शनवार तेली' म्हणत, हे तुम्हाला माहीत असेलच. गावोगाव घाणे, आणि शनिवारी ते बंद. पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरलेलं, तरी हा एक दिवस सुटला नाही. दहा आज्ञांत शब्बाथची आज्ञा आहे, तिच्यात 'अनुवाद'मध्ये बैल आणि गाढव नावानिशी येतात : तू, तुझी मुलं, चाकर, तुझा बैल, कुणीच काम करायचं नाही. तेल्याच्या घरात हे वाक्य कसं वाजत असेल, विचार करा. डोळ्यांवर झापडं बांधून सहा दिवस गोल गोल फिरणारा बैल सातव्या दिवशी सुटलेला. त्याला विसावा देऊन तेलाचा एक दिवसाचा धंदा बुडायचा. तुम्ही याला पर्यावरण म्हणणार नाही; नका म्हणू.

दुसरी एक गोष्ट मागच्या लेखात राहिलीच. आमच्या मलिद्याच्या (शुभप्रसंगी करायच्या प्रार्थनेच्या) ताटात गोड पोहे, खोबरं आणि फळं असतात. फळ तोंडात घालण्याआधी आशीर्वचन म्हणायचं, आणि झाडाच्या फळाचं वेगळं, जमिनीच्या फळाचं वेगळं. केळं जमिनीचं. का, तर घड दिला की केळीचा तो खुंट संपला. पुढच्या वर्षी त्याच्यावर पुन्हा केळी लागत नाहीत. लहानपणी मला ही उगाच किचकट भानगड वाटायची. आता वाटतं, खाण्याआधी हे कुठे आणि कसं लागतं, एवढं ठाऊक असल्याशिवाय घास घेता येत नाही, ही काही वाईट अट नाही.

तुमच्या आजीचं म्हणाल तर मी वाद घालणारच नाही. माझी आजी मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घाली, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही. मग चोथा कोंबड्यांना, करवंटी बंबात, काथ्या भांडी घासायला. यातलं धर्माचं किती आणि कोकणाचं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं. 'बाल तश्खीत' हा शब्द मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नाही. तो मला इस्रायलला गेलेल्या आतेभावाने फोनवर शिकवला.

आणि तिथलंही सगळं छान नाही. 2021च्या नोव्हेंबरात इस्रायलने एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक ताटल्या-पेल्यांवर कर लावला. मोठमोठी कुटुंबं असलेल्या कर्मठ हरेदी लोकांचा त्याला विरोध होता. सरकार बदलल्यावर तो कर गेलाही. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे, तीही 1888-89पासून अनेकजण जमीन कागदोपत्री परधर्मीयाला विकून टाळतात. आम्ही तरी काय वेगळे? 2018ची बंदी यायच्या आधी, माझ्या मुलीच्या नामकरणाच्या मलिद्याला थर्माकोलच्या ताटल्या मीच आणल्या होत्या. दोन मोठ्या पिशव्या भरून कचरा. आशीर्वचनं मात्र सगळी म्हटली.

तुमच्या टोमण्यावरून घरात बोलणं झालं. दिव्याला टायमर लावलेला चालतो, आधी लावून ठेवला तर. तो आणलाय, येत्या शुक्रवारपासून दिवा रात्री अकराला आपोआप बंद होईल. हॉटप्लेटचं अजून ठरत नाहीये. नवऱ्याला शनिवारी दुपारी गार रस्सा चालत नाही.