एका उशीवर एक उशी

दोन्ही काखेत एकेक उशी असताना माणसाला नीट भांडता येत नाही. हात उगारला की उशी खाली, बोट रोखलं की उशी खाली, मग ती उचलायला वाका की दुसरी पण खाली, आणि वाकून उशा गोळा करणाऱ्या माणसाचा राग कोणी सिरीयसली घेत नाही. हे ज्ञान मला गेल्या आठवड्यात एका दुकानाच्या काउंटरवर पाऊण तास उभं राहून मिळालंय. फुकट मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

प्रकरण साधं होतं. कॅशियरच्या डोक्यावर बरोब्बर हातभर अंतरावर टांगलेला बोर्ड: 'ग्राहक दिन विशेष! एका उशीवर एक उशी मोफत'. म्हणून मी दोन आणल्या. त्याने दोन्ही स्कॅन केल्या आणि दोन्हीचे पैसे लावले. मी म्हटलं ऑफर आहे. तर म्हणतो, "सिस्टीम घेत नाहीये सर." मी म्हटलं, बोर्ड घेतोय ना! त्याने मान वळवून वर बघितलं, दोनदा वाचलं आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाला, "हो, बोर्ड आहे." आणि पुन्हा स्क्रीनकडे बघत बसला. झालं. त्याच्या परीने तक्रारीची दखल घेऊन झाली होती.

आता काका. माझ्या मागे रांगेत हातात एक पायपुसणं घेऊन उभे होते. सुरुवातीला त्यांनी मला जो काही पाठिंबा दिला, तसा मला घरच्यांनी कधी दिला नाही. "सोडू नका. अजिबात सोडू नका. उशीचा प्रश्न नाहीये हा, तत्त्वाचा आहे." मला भरून आलं. मग त्यांनी माझ्या डाव्या काखेतली तत्त्वाची उशी अंगठ्याने दाबून बघितली. पुन्हा दाबली. तोंड वाकडं केलं. "फायबर आहे हो. सहा महिन्यांत चपटी होते. एवढ्यासाठी भांडताय?"

मी म्हटलं, काका, तत्त्व.

"तत्त्व बरोबर आहे, माल बरोबर नाही. तुम्ही उताणे झोपता की कुशीवर?"

भर रांगेत, अनोळखी नऊ माणसांसमोर मला सांगावं लागलं की मी कुशीवर झोपतो. त्यावर मागच्या बाईंनी कुशीवरवाल्यांना जाड उशी लागते असं मत दिलं, कोणीतरी मान आणि मणका यांच्यावर बोललं, आणि मूळ मुद्दा, म्हणजे एकावर एक मोफत, तो कुठेतरी पायपुसण्याखाली गेला. तेवढ्यात काकांना शोध लागला. "अहो थांबा! मोफतच्या पुढे चांदणी आहे!"

चांदणी म्हणजे अटी लागूची फुली. 'मोफत'च्या कोपऱ्यात, एखादा डास येऊन चिरडला असावा एवढी. काकांनी मोबाईलचा कॅमेरा काढला, झूम केला, आणि बोर्डाच्या तळाची मुंगीच्या पावलांएवढी ओळ पोथी वाचावी तशा सुरात वाचायला लागले. "निवडक... उत्पादनांवरच... साठा असेपर्यंत... व्यवस्थापनाचा निर्णय... अंतिम!" 'अंतिम'ला त्यांनी असा काही हेल काढला की कॅशियरनेही मान डोलावली. त्याला त्या अटी आत्ताच, आमच्यासोबतच कळत होत्या हे उघड दिसत होतं. मी विचारलं, निवडक म्हणजे कुठली? तो म्हणाला, "ते सिस्टीमला माहीत."

म्हटलं, निदान पुरावा तरी ठेवावा. उशा काउंटरवर टाकल्या, दोन पावलं मागे आलो, बोर्डाचा फोटो घेतला. काका मध्ये उभे आहेत, ते हलत नाहीयेत, उलट कॉलर सरळ करतायत, हे सगळं मला दिसत होतं, पण घाईत लक्ष नव्हतं.

मग मॅनेजर आला. शांत, हसतमुख. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, "बरोबर आहे सर तुमचं, चूक आमचीच आहे, लगेच दुरुस्त करतो." मी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं. मॅनेजरने स्टूल मागवलं, त्यावर चढला आणि बोर्ड काढून टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. आणि स्टूल कोणी धरलं होतं? काकांनी. "सावकाश हं, डावा पाय हलतोय त्याचा."

भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले फक्त.

रात्री वकील मित्राला फोन लावला. तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, कायद्याने बघितलं तर बोर्ड ही 'ऑफर' नव्हतीच, ते नुसतं आमंत्रण. 1953 साली इंग्लंडच्या अपील कोर्टात एका सेल्फ सर्व्हिस औषध दुकानाच्या खटल्यात हे पक्कं झालं: फळीवर मांडलेला माल म्हणजे 'या, बघा', गिऱ्हाईक तो काउंटरवर नेतं तेव्हा ऑफर गिऱ्हाईक देतं, आणि हो किंवा नाही म्हणायचं ते दुकानदाराने. म्हणजे पाऊण तास मी माझ्याच ऑफरसाठी भांडत होतो आणि ती त्यांनी नाकारली! खोटी जाहिरात करणं हा वेगळा गुन्हा असू शकतो म्हणे. युरोपियन युनियनच्या 2005 च्या निर्देशात तर मुळातच अशा 31 क्लृप्त्यांची काळी यादी होती, पुढे ती आणखी वाढली, आणि पैसे घेऊन वर 'मोफत' म्हणणं त्यात चक्क वेगळं मोजलंय. पण दंड झाला म्हणून उशी मिळेलच असं नाही.

सगळ्यांचंच असं होतं का, तर नाही. लंडनच्या लुईसा कार्लिल बाईंचं प्रकरण मला त्याच रात्री सापडलं आणि मी झोपायचा राहिलो (एका उशीवर तशीही झोप येत नव्हती). 1891 साली एका कंपनीने नाकात ओढायच्या धुराच्या गोळ्याची जाहिरात दिली, की दोन आठवडे दिवसातून तीनदा वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, आणि खरंच देणार हे पटावं म्हणून बँकेत 1000 पौंड ठेवलेत. बाईंनी इमानेइतबारे नाकात धूर ओढला. फ्लू झाला. पैसे मागितले तर कंपनी म्हणते, आम्हाला काय भरवसा की तुम्ही तो नीट वापरला, रोज आमच्या ऑफिसात येऊन आमच्या सेक्रेटरीसमोर ओढून दाखवा! ही कंपनी आणि माझा मॅनेजर एकाच घराण्यातले असणार. पण बाई नमल्या नाहीत, आणि 1892 च्या डिसेंबरात कोर्टाने सांगितलं की बँकेत पैसे ठेवून छाती ठोकता, मग ही थट्टा नव्हे, पैसे द्या. त्यावर कंपनीने काय करावं? नवी जाहिरात! बक्षीस थेट 200 पौंड, पण आता खाली अटी: आधी आमच्याकडून नियम मागवा, सही करून आमच्याकडे जमा करा, मगच गोळा ओढायला सुरुवात, आणि मुदत मार्च अखेरपर्यंतच. त्या चांदणीची पणजी हीच असा माझा दाट संशय आहे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला तो तरुण. पेप्सीने जाहिरातीत गंमत म्हणून पेप्सी पिऊन जमवायच्या 70 लाख पॉइंटांना हॅरियर लढाऊ विमान दाखवलं, याने कमी पडणाऱ्या पॉइंटांचा रीतसर चेक पाठवून विमान मागितलं, आणि 1999 साली कोर्टाने सांगितलं की शहाणा माणूस हे खरं धरणार नाही. ठीक आहे, मान्य. पण मी विमान मागत नव्हतो हो. उशी मागत होतो.

आणि ग्राहक दिन कसला, तर 15 मार्च 1962 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, ग्राहकाचे चार हक्क सांगितले त्याचा. सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाणं. चौथा मला भरभरून मिळाला. नऊ जणांनी ऐकलं, मॅनेजरने तर गोड मान हलवत ऐकलं. चीड त्याचीच येते. उलट बोलला असता तर मी ओरडलो तरी असतो, पण "बरोबर आहे सर तुमचं" म्हणून बोर्ड उतरवणाऱ्या माणसाला काय बोलायचं? उद्या दुसऱ्या गल्लीतल्या शाखेत तोच बोर्ड लागणार, शंभरातले नव्वद लोक बिल न बघता घरी जाणार, आणि उरलेल्या दहांना सिस्टीम घेणार नाही. बरं, एवढं होऊनही मी एक उशी पूर्ण किमतीत घेऊन आलो, कारण रिकाम्या हाताने परत जायची लाज वाटली. ही लाज त्यांच्या सिस्टीमने मात्र बरोबर पकडलेली असते.

मित्राने शेवटी विचारलं, "बोर्डाचा फोटो आहे ना? मग तक्रार टाकू." मी फोटो उघडला. काका. ताठ उभे, मंद हसू, एका हातात पायपुसणं, आणि डोकं नेमकं 'मोफत'वर. अक्षरही दिसत नाहीये. चांदणी तेवढी दिसतेय, कानाच्या वर.

निघताना त्यांनीच नंबर दिला होता, "फोटो चांगला आला असेल तर पाठवा" म्हणून. पाठवला. काल बघितलं तर डीपीला लावलाय.