पेरूची पानं उकळा हवी तर, पण बाळाचं पाणी का तोडता?

परवा रात्री साडेअकराला खारेगावहून धाकट्या बहिणीचा फोन. तिची मुलगी चौदा महिन्यांची. सकाळपासून सात-आठदा पातळ शी झालेली. "दादा, काढा दोनदा दिला, तरी थांबत नाहीये." मी विचारलं, पाणी किती प्यायली? म्हणते, "पाणी दुपारपासून बंद ठेवलंय ना. त्यात तसंच लिहिलंय."

'त्यात' म्हणजे ज्या फॉरवर्डकडे मी आठवडाभर काणाडोळा करत होतो, त्यात. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, दोन्हीकडे लोकांनी हात जोडले. मजकूर थोडक्यात असा: पेरूची दहा पानं उकळून प्या, एका तासात जुलाब बंद. मुंबईच्या संशोधन संस्थेने १०९ रुग्णांवर सिद्ध केलंय. काढा चालू असताना चोवीस तास पाणी आणि दूध बंद ठेवा, आतड्याला विश्रांती मिळते. ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायची ती पावडर, हे नुसतं साखरेचं पाणी, परदेशी कंपन्यांची लूट. झिंक हा धातू आहे, किडनी जाते. लहान मुलांना काढ्याचे दोन चमचे पुरे.

मी डॉक्टर नाही. कळव्यात औषधांच्या दुकानात काउंटरमागे सतरा वर्षं उभा आहे. "तू ओआरएस विकतोस, तू असंच म्हणणार," हे बहिणीने ऐकवून झालंय, तेव्हा बाकीच्यांनी तसदी घेऊ नये. वीस-पंचवीस रुपयांच्या पाकिटावर माझा बंगला उभा राहत नाही. शिवाय तेच पाकीट सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

आधी ते पाणी बंद करण्याचं. बाकी सगळं खोटं निघालं असतं तरी मी गप्प बसलो असतो, यावर नाही.

जुलाब पोटात पाणी जातं म्हणून होत नाहीत. जंतू किंवा त्यांचं विष आतड्याचं अस्तर बिघडवतं आणि शरीर स्वतःचंच पाणी आणि मीठ आतड्यात सोडायला लागतं. तुम्ही तोंडाने घेणं बंद केलं तरी ते आतून जातच राहतं. टाकी गळत असताना वरचा नळ बंद केला तर गळती थांबत नाही, टाकी कोरडी पडते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही हे कळतं, आणि हा फॉरवर्ड ग्रुपवर टाकणारे तेच. कडक कॉलऱ्यात मोठा माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. आठ-नऊ किलोच्या बाळाकडे गमावायला असतं किती? जुलाबात मूल दगावतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. आणि हा फॉरवर्ड नेमकं तेच तोडायला सांगतो, वर त्याला विश्रांती म्हणतो! आईचं दूधसुद्धा बंद. दूध तर उलट जास्त वेळा पाजायचं असतं.

आता तो १०९ रुग्णांचा पुरावा. मला वाटलं होतं हा आकडाही हवेतला असणार. नाही, अभ्यास खरा आहे. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांचा, २०२० साली 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन'मध्ये छापून आलेला. ही मंडळी पेरूच्या पानांवर आणि कच्च्या बेलफळावर बरीच वर्षं काम करत आली आहेत. पानांचा काढा जंतूंना आतड्याच्या पेशींना चिकटू देत नाही, कॉलऱ्याच्या विषाचा जोर कमी करतो, असं त्यांना प्रयोगशाळेत आधीच दिसलं होतं. मग माणसांवर चाचणी. म्हणजे आजीचं औषध हसण्यावारी न नेता नीट तपासलं. याबद्दल मला आदरच आहे.

पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यातलं काय उचललं आणि काय गाळलं ते बघा. चाचणीतले १०९ जण अठरा ते साठ वर्षांचे. एकही मूल नाही. मग बाळाचे 'दोन चमचे' कुठून आले? सहा, दहा आणि चौदा पानांचा काढा वेगवेगळ्या गटांना दिला. त्यात दहा पानांचा गट सरस ठरला. चौदा पानांनी आणखी फायदा झाला नाही, तेव्हा 'घाला अजून चार पानं' म्हणणाऱ्या काकूंनीही ऐकून ठेवावं. दहा पानांच्या गटातले लोक ७२ तासांत पूर्ववत झाले, काढा न घेतलेल्यांना १२० तास लागले. ७२ तास म्हणजे तीन दिवस. फॉरवर्डमध्ये त्याचा एक तास झाला.

आणि सगळ्यात मोठी गंमत, खरं तर संताप यावा अशी. काढा घेणाऱ्या प्रत्येक गटाला सोबत ओआरएस दिलं होतं, आणि ज्यांना काढा नव्हता त्यांना नुसतं ओआरएस. काढा ओआरएसऐवजी नव्हताच, त्याच्या जोडीला होता. ज्या अभ्यासात प्रत्येक माणूस ते पाणी पीत होता, त्याचाच दाखला देऊन ते पाणी बंद करायला सांगायचं? शिवाय ही चाचणी उघड होती, म्हणजे आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक होतं. कडू काढा प्यालेल्याला 'बरं वाटतंय' म्हणावंसं वाटतंच. त्याने अभ्यास खोटा पडत नाही. पण 'सिद्ध' म्हणून ढोल बडवण्याइतकाही तो मोठा नाही.

ओआरएस म्हणजे साखरेचं पाणी? साखर त्यात आहे, आणि ती चवीसाठी नाही. आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तरच ते आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाबात बाकी बिघडलं तरी हे दार बहुधा चालू राहतं. म्हणून तर लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असा मोजून हिशेब.

परदेशी कंपन्यांचं म्हणाल तर १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा कलकत्त्यात मोजून आणवला, ड्रममध्ये कालवला आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चाराच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हा माणूस यांना परदेशी कंपनी वाटतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. दुकानात ओआरएस नावाखाली गोडमिट्ट टेट्रापॅक विकले जात होते, माझ्याही फ्रिजमध्ये होते. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. त्या खोक्यांना कोणी साखरपाणी म्हटलं तर माझं भांडण नाही. पाकिटावर डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, फॉर्म्युला लिहिलाय का, एवढं वाचून घ्या.

झिंक धातू आहे, हो. मिठातला सोडियमही धातूच आहे, आमटी अळणी करता का? जुलाब झालेल्या मुलाला ते द्यायला जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पुढे.

बहिणीला फोनवर एवढंच सांगितलं: पाकीट अख्खं एका लिटरमध्ये कालव, अर्धं-मुर्धं नको. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग आणखी हळू. दर जुलाबानंतर निदान अर्धी वाटी पोटात गेली पाहिजे. दूध चालू ठेव. डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा मूल मलूल पडून पिईनासं झालं, तर मला फोन करत बसू नकोस, रिक्षा पकड.

पावणेदोनला मेसेज आला: "शू केली." सकाळी डॉक्टरांकडे नेऊन आणलं.

दुपारी तिच्या सासूबाईंचा फोन. त्यांचंही पोट बिघडलेलं. "मग मी काढा घेतला तर चालेल ना हो?" म्हटलं घ्या की, दहा पानं. दुसऱ्या पेल्यात पाकिटाचं पाणी ठेवा आणि ते आधी संपवा. तर म्हणाल्या, पानं आणायची कुठून, खालच्या झाडाला हात पुरेल तिथवर एक पान शिल्लक नाही.