हाकेला ओ द्या रे कुणीतरी

आज सकाळी साडेसातला हॅम रेडिओवर, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओवर, चाळीस मीटरच्या बँडवर एक मुलगी सीक्यू देत होती, म्हणजे "कुणी आहे का?" अशी हाक. कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, व्हीयू थ्रीने सुरू होणारं, म्हणजे नवीनच. आवाजावरून नुकतीच कॉलेजात गेलेली असावी. कॉल साइन एकेक अक्षर सोडवून सांगायची, "स्टँडिंग बाय" म्हणून थांबायची, आणि पुढे नुसती खरखर. असं चार वेळा. मी चहा तसाच टाकून सेटकडे धावलो. अँटेना ट्यून होईपर्यंत ती "नो रिप्लाय, क्लोजिंग" म्हणून गेलीसुद्धा. कॉल साइनची शेवटची अक्षरं फेडिंगमध्ये बुडाली.

त्याच वेळी आमच्या हॅम ग्रुपवर धडाधड मेसेज पडत होते. कुणाच्या नव्या रिगचा, म्हणजे सेटचा फोटो, त्याखाली अभिनंदनांची रांग. सगळे जागे, सगळ्यांकडे लायसन्स, आणि बँडवर एक माणूस नाही! डोकंच फिरलं.

मी पहिला सीक्यू दिला १९९४ च्या पावसाळ्यात, सांगलीत. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, हॅम मंडळी सेट घेऊन तिथे पोचली, हे ऐकून मी परीक्षेला बसलो होतो. घरी जुळवलेला सेट, आंब्याला बांधलेला डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, आणि पत्र्यावर पाऊस. हात इतका थरथरत होता की पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण, मधेच सुटायचं. तिसऱ्या हाकेला नाशिकहून एक काका आले. "पाच-नऊ येतोयस बाळ. घाबरू नकोस, सावकाश बोल." पाच-नऊ म्हणजे स्पष्ट आणि जोरदार सिग्नल.

त्या दिवशी काका नसते तर मी सेट माळ्यावर टाकला असता.

आता कारणं ऐकायची. "कंडिशन नाही." म्हणजे लहरी लांब जात नाहीत. अहो, सूर्यावरचे डाग वाढले की लहरी लांब जातात; त्या डागांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिगेला पोचलं होतं, तेव्हा तरी कुठे होतात? सोसायटी गच्चीवर वायर बांधू देत नाही, एलईडी आणि इन्व्हर्टरचा नॉइज असतो, हे मान्य. पण ज्यांच्या गावाकडच्या घरावर अख्खा डायपोल ताणलेला आहे, ते काय करतात? एफटीएट या डिजिटल पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांचे निरोप कॉम्प्युटर पाठवतो. थोड्या वॅटमध्ये ब्राझील लागतं, तेही मान्य. पण कॉम्प्युटर कुणाला "घाबरू नकोस बाळ" म्हणत नाही.

आणि "संकटात आम्ही आहोतच" हे तर बोलूच नका. २००४ च्या डिसेंबरात हॅम भारती प्रसाद आणि त्यांची टीम अंदमानला कशासाठी गेली होती? जगभरच्या हॅमशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली तेव्हा त्यांचे सेट लागलेले होते, हात सरावलेले होते, म्हणून पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर गेले. वर्षभर कपाटात असलेला सेट ऐनवेळी काय बोलणार?

जरा जास्तच चिडलो. तुमच्यापैकी काहीजण रोज संध्याकाळी नेट, म्हणजे रेडिओवरची ठरलेली बैठक, चालवता, तुमच्यावर नाही हा राग.

काका साइलेंट की होऊन, म्हणजे वारून, बरीच वर्षं झाली. त्यांचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे क्यूएसओची (रेडिओवरच्या संपर्काची) पोच, माझ्या सेटच्या वरच आहे. निळी शाई, कोपऱ्यात लिहिलंय, "पहिल्या क्यूएसओबद्दल अभिनंदन. रोज येत जा." ते स्वतः रोज यायचे. सकाळी सेट लावला की काका असायचेच.

मुली, तुझा पूर्ण कॉल मला मिळाला नाही. कुणी तिला ओळखत असेल तर एवढं कळवा: सांगलीत सिग्नल पाच-सात होता, आवाज स्वच्छ होता. उद्या साडेसातला मी सेट आधीच ट्यून करून तिथेच बसतोय.