मटकीची उसळ कचऱ्यात गेली त्याची गोष्ट, आणि त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी भाच्याने फोटो पाठवला. कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यात मटकीची उसळ, डबाभर भात आणि सगळ्यावर कणकेचा गोळा. खाली लिहिलं होतं, "मावशी, आजीने सांगितलं म्हणून टाकलं. रागावू नकोस."

ती मटकी त्याने स्वतः भिजवली होती, फडक्यात बांधली होती. मोड आले तेव्हा रात्री साडेअकराला फोटो काढून पाठवला होता. पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा मुलगा मेसचा डबा आणि रात्री मागवलेलं जेवण यावर राहत होता. जानेवारीत त्याने कुकर घेतला. पहिल्या दिवशी फोन केला, "डाळीत पाणी किती?" मी म्हटलं, डाळीच्या वर बोटाची दोन पेरं. तिथपासून तो फोडणी न जाळता आमटी करण्यापर्यंत आला. आणि एका मेसेजने त्याला वाटायला लागलं की आपण तीन महिने विष खातोय.

मेसेज माझ्या आईकडून गेला. आईला भिशीच्या ग्रुपवर आला. तुमच्याकडेही आला असेल: 'शिळे अन्न म्हणजे विष, सात सत्ये, सर्वांना पाठवा'. आई माझी आहे, तिला मी फोनवर काय बोलायचं ते बोलले. पण हा मेसेज अजून फिरतोय, म्हणून इथे एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

"अन्न शिजल्यावर ४८ मिनिटांच्या आत खावे, त्यानंतर त्याचे विष होते."

४८ मिनिटं म्हणजे एक मुहूर्त. दिवसरात्रीचे तीस मुहूर्त, चोवीस तासांना तीसने भागा, ४८ मिनिटं येतात. हा आकडा कालगणनेतला आहे. शिजलेल्या अन्नात जंतू किती वेगाने वाढतात याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

ते मोजणाऱ्या लोकांनी काय सांगितलंय ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली आणि जगभरच्या भाषांत त्याचं भित्तिपत्रक छापलं. स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि जिन्नस चांगले वापरा. त्यातलं चौथं सूत्र इथे कामाचं आहे. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. वाढेपर्यंत ठेवायचं तर ६० अंशांच्या वर वाफाळतं ठेवा, साठवायचं तर ५ अंशांच्या खाली. या दोन आकड्यांच्या मधे जंतू भराभर वाढतात. हे एवढं कळलं की मेसेजमधल्या निम्म्या मुद्द्यांचं उत्तर आपलं आपल्याला देता येतं.

हे मान्य करते की दोन तासांचा नियम काटेकोर लावला तर सकाळी सातला भरून दुपारी एकला उघडलेला ऑफिसचा डबाही त्यात बसत नाही. म्हणून तर डब्याला पोळी आणि कोरडी भाजी देतात, आणि मे महिन्यात ओल्या नारळाची रसभाजी देऊ नको म्हणून प्रत्येक आई सांगते. वेळ, पाणी, ऊन, पदार्थ, सगळं बघून ठरवायचं असतं.

आणखी एक. दर जेवणाला ४८ मिनिटांच्या आतलं ताजं अन्न हवं, तर ते करणार कोण? सकाळी नाश्ता, मग डबे, दुपारी घरातल्या म्हाताऱ्यांचं, संध्याकाळी पुन्हा. हा मेसेज लिहिणाऱ्याच्या घरात कोणी तरी बाई दिवसभर ओट्याशी उभी असणार. माझ्या आईने चाळीस वर्षं ते केलंय, आणि तिनेच हा मेसेज पुढे पाठवावा याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

"फ्रिजमधून १२ विषारी वायू निघतात व अन्नात मुरतात. उरलेले ठेवायचेच असेल तर बाहेर झाकून ठेवावे."

या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण बाकीचे मुद्दे खोटे आहेत आणि हा माणसाला दवाखान्यात पाठवणारा आहे.

आधी वायूंचं. फ्रिज थंड करणारा वायू बंद नळ्यांतून फिरतो. तो आतल्या हवेत येत नाही, आला तर फ्रिज थंडच होणार नाही. पूर्वी फ्रिजमध्ये सीएफसी नावाचा वायू असायचा. त्याने ओझोनच्या थराला भोक पडत होतं म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि तो हळूहळू बंद झाला. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच, आणि त्याचा तुमच्या वरणाशी संबंध नाही. आताच्या फ्रिजच्या लेबलवर बहुतेक वेळा आर-६००ए लिहिलेलं सापडेल, म्हणजे आयसोब्युटेन. तोही नळीच्या आतच असतो.

आता त्या वाक्याचा दुसरा भाग. 'बाहेर झाकून ठेवावे.' एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा तीस अंश असतं. कोमट भात, वर घट्ट झाकण, आत वाफ. जंतूंना याहून सोयीची जागा मिळणार नाही. भातात, खरं तर तांदळातच, बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करायला लावणारं एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. सकाळी कितीही खरपूस फोडणी द्या, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात.

म्हणजे ज्याला हा मेसेज विष म्हणतो ते फ्रिजमध्ये होत नाही, तो जे करायला सांगतो त्याने होतं.

भाच्याला मी भाताचं काय करायचं ते पुन्हा सांगितलं, तुम्हालाही सांगते. जेवण झालं की उरलेला भात कुकरच्या भांड्यात ठेवायचा नाही. ताटात पसरायचा, पंख्याखाली. वाफ गेली की लगेच उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. मोठ्या पातेल्यात गच्च भरलेला भात मधे कित्येक तास कोमटच राहतो, बाहेरून हात लावून कळत नाही. दुसऱ्या दिवशी संपवायचा, वाफ येईपर्यंत गरम करायचा, आणि एकदा गरम केलेला उरला तर पुन्हा आत ठेवायचा नाही. उसळ, आमटी, भाजी तीन दिवस चालते. डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहायचा. वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही, दार बंद असेल तर साधारण चार तास आतलं थंड राहतं. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर आतलं शिजवलेलं टाकायचं, तिथे हळहळ नको.

"भात पुन्हा गरम केला की त्याचे विष होते."

इथे थोडंसं खरं आहे हे मला मान्य करावं लागतं. ते वर सांगितलं. दोष गरम करण्याचा नाही, रात्रभर बाहेर राहण्याचा आहे. आणि खरं बोलायचं तर आपल्या घराघरांत रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करायची सवय आहे. माझ्याही घरी होती. थंडीत निभावून जातं, म्हणून आपण ते सुरक्षित धरून बसलो. मी ती सवय सोडली. फोडणीचा भात अजून करते, फ्रिजमधल्या भाताचा. तो उलट मोकळा होतो, चिकट होत नाही.

"फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक पिंडासारखी असते, ती खायला भुते घरात येतात."

भाच्याने कणकेचा गोळा का टाकला, तर याच्यामुळे. इंजिनिअर मुलगा आहे. मी विचारलं तर म्हणाला, "विश्वास नाही गं, पण आजी फोनवर रडत होती."

पिंड आपल्याकडे बहुतेक घरी भाताचे करतात. मग भाताची मूद वाढणंही बंद करायचं का? कणीक फ्रिजमध्ये काळपट पडते म्हणून लोकांना शंका येते, त्याचं कारण साधं आहे. गव्हाच्या कोंड्यात एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचा हवेशी संबंध आला की रंग बदलतो, चिरलेलं वांगं काळं पडतं तसाच. गोळ्याला तेलाचा हात लावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. आंबट वास आला किंवा तार सुटली तर टाका.

नोकरीवरून साडेसातला घरी येणारी बाई सकाळच्या कणकेच्या चार पोळ्या लाटते आणि आठला जेवायला बसते. तिला भुताची भीती घालणं मला क्रूर वाटतं. तिच्या घरात काही वाईट झालं, कोणी आजारी पडलं, तर ती त्या कणकेला दोष देणार, म्हणजे स्वतःला.

"चिरलेला कांदा हवेतले जंतू शोषून घेतो." कांदा काही शोषत नाही. चिरलेली कुठलीही ओली भाजी उघडी राहिली तर तिच्यावर जंतू बसतात, कांद्यावरही. डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

"पालेभाजी पुन्हा गरम केल्यास कॅन्सर." पालेभाजीत नायट्रेट असतं. ती बराच वेळ बाहेर राहिली तर जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि तान्ह्या बाळाला अशी भाजी भरवू नये हे खरं. लगेच थंड केलेली पालकाची भाजी दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्ल्याने मोठ्या माणसाला कॅन्सर होत नाही. क जीवनसत्त्व कमी होतं, तेही मान्य. त्यातलं लोह आणि डाळीतली प्रथिनं कुठे जात नाहीत. मायक्रोवेव्हने अन्न किरणोत्सारी होतं, हे त्याच मुद्द्यातलं पुढचं वाक्यही याच मापाचं. त्याने अन्न किरणोत्सारी होत नाही. मधे थंड राहतं, म्हणून एकदा ढवळून पुन्हा गरम करा.

"आपले पूर्वज कधीही शिळे खात नसत."

कोणाचे पूर्वज? माझे आजोबा शेतावर जाताना रात्रीची भाकरी, कांदा आणि ठेचा घेऊन जायचे. ज्वारीची शिळी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली नाही असं घर माझ्या गावात नव्हतं. श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं, ही रीत कुठून आली? फोडणीची पोळी, गूळ-तुपाचा पोळीचा लाडू, उरलेल्या वरणात शिजवलेली वरणफळं, दोडक्याच्या शिरांची चटणी, पुरणाच्या कटाची आमटी. आपल्या स्वयंपाकातलं निम्मं कसब उरलेल्यातून आणि टाकाऊतून आलंय.

पूर्वजांना एक गोष्ट माहीत होती जी हा मेसेज विसरला. काय टिकतं आणि काय टिकत नाही. भाकरी कोरडी, म्हणून टिकते. ताक-दही आंबट, म्हणून टिकतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलेलं टिकत नाही, मासे टिकत नाहीत. फ्रिज त्यांच्याकडे नव्हता. आपल्याकडे आहे, तर मेसेज म्हणतो तो वापरू नका.

स्वयंपाक शिकायला लागलेल्या एकट्या मुलाला एक वाटी उसळ करताच येत नाही. अंदाज नसतो, चार वाट्या होते. ती दोन दिवस खाता आली तर तो तिसऱ्या दिवशी पुन्हा कुकर लावतो. टाकावीच लागणार असेल तर तो का करेल? तो परत मोबाईल काढून मागवेल, आणि ते अन्न किती मिनिटांपूर्वीचं आहे हे त्याला कोणी सांगणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की भारतात घरातून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं. त्यात सालं-देठं धरलेली आहेत. तरीही चार माणसांच्या घराचे २२० किलो होतात. त्या ढिगात माझ्या भाच्याची मटकी गेली.

आईला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती भुताच्या मुद्द्यावर गप्प राहिली, भाताच्या मुद्द्यावर म्हणाली, "हे मात्र मला माहीत नव्हतं गं." मग तिने स्वतः नातवाला फोन लावला आणि मटकी पुन्हा भिजत घालायला सांगितली. या वेळी दोनच मुठी.