‘दुःखाचे भांडवल’ या प्रतिक्रियेस उत्तर

आमच्या संस्थेच्या बिनपगारी पदाधिकाऱ्यांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखाखाली ‘एक ठाणेकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. मानसिक आजार असलेल्या व्यक्ती आणि त्यांची कुटुंबे यांच्या हक्कांसाठी काम करणारी ही संस्था लहान आहे, आणि तिची धुरा नातेवाइकांनीच वाहिली आहे, एवढेच त्या लेखात होते. प्रतिक्रियेचा सारांश असा: ठाण्यात तज्ज्ञांची संस्था असताना हौशी मंडळींची लुडबुड कशाला, नऊ वर्षे तेच चार चेहरे पदांवर आहेत, हिशेब कुठे दिसत नाही, लेखिकेला कायद्याचे सालही धड ठाऊक नाही, आणि, आपलेच शब्द देते, ‘घरातला एक रुग्ण सांभाळला म्हणून कोणी नेता होत नाही, दुःखाचे भांडवल करणे थांबवा.’

सालाबाबत आपले बरोबर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्याचा अंमल २०१८ मध्ये सुरू झाला आणि मी तेच साल कायद्याला चिकटवले. चूक दाखवून देणे हा वाचकाचा अधिकारच आहे. ती दाखवताना ‘धड’ म्हटलेच पाहिजे असा मात्र नियम नाही.

आता ‘भांडवल’. हा शब्द आपण सहज लिहून गेला असाल, मला तो सहज वाचता आला नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाने गाठले त्या वर्षी आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. पहिले दीड वर्ष अंगारे आणि एका मठाच्या वाऱ्या यांत गेले. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा उभा महाराष्ट्र करतो, कारण १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे. ठाण्यातच राहणाऱ्या घरात ती कशी ऐकू येते, हे ‘एक ठाणेकर’ म्हणवणाऱ्याला मी सांगावे लागू नये.

पुढे योग्य उपचार सुरू झाले. डॉक्टर सज्जन होते, दर भेटीत ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारत, आम्ही होय म्हणत असू, आणि फरक पडत नाही म्हणून ते मात्रा वाढवत. एका दिवाळीआधी रंगकामासाठी पडद्याचा पोकळ दांडा खाली काढला, तेव्हा त्यातून गोळ्या घरंगळत आल्या. आईने त्या ताटलीत घेऊन मोजल्या. एकेचाळीस भरल्या. ती त्याला काही बोलली नाही. ताटली तशीच फडताळात ठेवली आणि पुढच्या भेटीला पिशवीत घालून डॉक्टरांपुढे नेली. त्या दिवसापासून त्याचे उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे मी मानते. डॉक्टरांची पदवी त्या दांड्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तिने पोहोचावे अशी अपेक्षाही कोणी करू नये; तिथे घरचे माणूसच पोहोचते. आज एखादे नवे कुटुंब आमच्याकडे आले की आमचे खजिनदार, जे स्वतः एका आजारी मुलीचे वडील आहेत, पहिल्या दहा मिनिटांत विचारतात की गोळी दिल्यावर तुम्ही थोडा वेळ गप्पा मारत बसता की लगेच उठता. हा प्रश्न त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवलेला नाही.

पुढे भावाला क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध सुरू झाले. त्यात पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागले. सुईला घाबरणाऱ्या, आणि आपले रक्त शेजाऱ्यांना विकले जाते अशी खात्री असलेल्या तरुणाला अठरा वेळा रिक्षात बसवणे हे भांडवल असेल, तर त्यावरचा नफा मला कोणीतरी दाखवावा.

आपण ‘नेता होत नाही’ असे म्हणता, म्हणून दोन गोष्टी सांगते. ज्या कायद्याचे साल मी चुकवले, त्याच कायद्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावर, न्यायाधीश आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या बरोबरीने, रुग्ण, काळजीवाहक किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यातील दोन सदस्य नेमायला सांगितले आहे. संसदेला ही लुडबुड वाटली नाही. दुसरे असे की, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, मनोविकारतज्ज्ञ नव्हते. आजार त्यांच्या पत्नीला होता. अमेरिकेत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नामी’ या रुग्ण-कुटुंबांच्या संघटनेची सुरुवातही मॅडिसन गावातील दोन आयांच्या भेटीतून झाली, आणि दोघींचेही मुलगे स्किझोफ्रेनियाने आजारी होते. यांनाही आपण थांबायला सांगितले असते काय? आमची तुलना त्यांच्याशी करण्याइतकी मी खुळी नाही. पण घरातल्या आजारातून संस्था उभी राहते, हा आरोप नसून या कामाचा जुना शिरस्ता आहे.

आमच्यापैकी कोणीही औषध सुचवत नाही, निदान करत नाही. रात्री अडीचला कळव्याहून एखादी आई फोन करते, मुलाने न्हाणीघराला आतून कडी लावलेली असते, तेव्हा आमच्या कार्यवाह तिला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देतात, रुग्णालयात कोणते कागद न्यायचे ते सांगतात आणि कडी निघेपर्यंत दुसऱ्या फोनवर राहतात. सकाळी पावणेआठची लोकल पकडून त्या कामावर जातात. त्यांना ‘हौशी’ म्हणण्यापूर्वी आपण एक रात्र तरी जागून पाहायला हवी होती. हे वाक्य जरा कडक झाले, पण तसेच ठेवते.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. आपण म्हणता ती तज्ज्ञांची संस्था, म्हणजे आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), ठाण्यात १९९० पासून आहे, तिच्याविषयी मला आदर आहे, आणि ती आहे म्हणून आम्ही नसावे हे तर्काला धरून नाही. तेच चार चेहरे आहेत, कारण पाचवा चेहरा वार्षिक सभेला येऊन नाव देत नाही. हिशेब दरवर्षी तपासले जातात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. संकेतस्थळावर ते का नाहीत असे कोणी नाव-पत्त्यासह विचारले तर पाहू.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. लेखातले साल दुरुस्त केले आहे.